कैफियतीचा रकाना

करीममास्तर गेल्याची बातमी मला नऊ दिवसांनी कळली. हिंगोलीहून आखाडा बाळापूरला यायला बातमीला नऊ दिवस लागावेत, असं हे वर्ष आहे. टपाल आलं तर आलं, मोटार सुटली तर सुटली. बाजाराच्या दिवशी आमच्या शाळेसमोर बसणाऱ्या बांगडीवाल्यानं मला लांबून हाक मारली. एका बाईचा हात त्याच्या हातात होता, बांगडी मनगटाच्या हाडापाशी अडली होती, त्यामुळे त्याला उठता येईना. तिथूनच म्हणाला, "गुर्जी, तुमचे करीममास्तर गुजर गये. बुखार था. खाटेवरच गेले." 'खाटेवरच' हा शब्द त्यानं जरा जोरात म्हटला. सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा येऊन गेल्यापासून आमच्याकडे कुणी मुसलमान माणूस गेला की कसा गेला हे लोक विचारत नाहीत, आणि सांगणारा न विचारता सांगून टाकतो. त्याआधी वर्षभर हिंदू माणसाच्या बाबतीत असंच होतं. बांगडी चढली, बाईनं हात झटकला, आणि बाजार चालू राहिला... शाळेची घंटा मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा दिली.

करीममास्तर आणि मी हिंगोलीच्या तहतानियात, म्हणजे त्या वेळच्या सरकारी भाषेत प्राथमिक शाळेत, अकरा वर्षं बरोबर होतो. ते हिशेब आणि उर्दू शिकवायचे, मी मराठी. गंमत अशी की उर्दू अक्षर माझं चांगलं होतं. आमच्या वडिलांनी कचेरीतल्या नोकरीच्या आशेनं मला लहानपणी एका मौलवींकडे घातलं होतं. नोकरी कचेरीत मिळाली नाही, पण अक्षर राहिलं. मोत्याचे दाणे, असं लोक म्हणायचे. हे मीच सांगतो आहे, कारण सांगणारा गेला. करीममास्तरांचं अक्षर म्हणजे शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत घरी गेलेला. त्यांचं त्यांनाही दुसऱ्या दिवशी वाचता यायचं नाही. म्हणायचे, "पंडत, तुझा हात आन् माझं डोस्कं एका धडावर बसवलं असतं, तर आज हैदराबादेत आपला बंगला असता." मी विचारायचो, बंगल्यात सोवळं कोण पाळणार? ते म्हणायचे, "हात तुझा हाय ना, हात पाळंल." अशी आमची मैत्री. शाळेतल्या इतर मास्तरांना ती आवडायची नाही, दोन्हीकडच्या.

त्या सुमारास हैदराबादचे एक प्रोफेसर आमच्या भागातल्या आठवडी बाजारांची पाहणी करवून घेत होते. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: कोणत्या बाजाराला कुठली माणसं येतात, काय आणतात नि काय नेतात, आणि सौदा कोणत्या बोलीत होतो. त्यासाठी छापील तक्ते आले. प्रत्येक गावाला, वस्तीला एक तक्ता, आणि तक्त्याच्या शेवटी एक अरुंद रकाना, 'कैफियत'. आणखी काही सांगायचं असेल तर ते तिथं लिहायचं. पैसे मिळणार नव्हते म्हणून बाकीच्या मास्तरांनी नाकं मुरडली. करीममास्तरांनी मात्र असा हात वर केला की जणू मिठाई वाटत होते. पुढची दोन वर्षं शुक्रवारची सुट्टी, उरलेल्या रजा, आणि रजा संपल्यावर तापाची सोंगं, सगळं त्यांनी बाजारांवर उधळलं. बाळापूर, डोंगरकडा, औंढा... कधी पायी, कधी कुणाच्या बैलगाडीत मागे पाय सोडून. मी सोबत जायचो तो मुख्यतः भज्यांसाठी.

त्यांची एक रीत होती. प्रश्न विचारायच्या आधी काहीतरी विकत घ्यायचं. "काही न घेता इचारणारा मानूस सरकारचा असतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे घरात पाच चाळण्या झाल्या, कुऱ्हाड नसताना कुऱ्हाडीचे तीन दांडे झाले, आणि केरसुण्या तर विचारू नका. भाभी दारातच थांबवून म्हणायच्या, "ये घर है के बाजार? अब मेरेकूच बेच आव." पण या रीतीनं त्यांना जे कळलं ते तक्ते छापणाऱ्याला कळलं नव्हतं. डोंगरकड्याच्या वरच्या अंगाला एक तांडा आहे, पूर्वी बैलांवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाणांचा. तिथल्या बाया डिंक, चारोळ्या, सरपण घेऊन बाजाराला यायच्या. घरात कोणती बोली बोलता, असं मी विचारलं की त्या म्हणायच्या, मराठी. मास्तरांनी विचारलं की म्हणायच्या, उर्दू. आणि तोंड फिरवून आपसांत जे बोलायच्या त्यातलं आम्हा दोघांना एक अक्षर कळायचं नाही. सरकारी कागदावर आपली जात, आपली बोली चढली की पुढं पोलिसांची हजेरी लागते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पहिल्या महिन्याचा तक्ता भरून झाल्यावर मास्तरांनी बोलीच्या रकान्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "पंडत, ह्या कागदापरमानं तांड्याला आपली बोलीच न्हाई. मग तिथली बाई लेकराला निजवते कशात रे?"

त्या बायांतली एक मंगळी. डिंक विकायची. पन्नाशीची असावी, आवाज खणखणीत, आणि समोरच्याला जोखण्यात सावकाराला हरवील अशी. तिनं मास्तरांशी करार केला: डिंकाचा एक खडा घ्यायचा, एक शब्द न्यायचा. करार वर्षभर चालला. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या बाळंतिणींना त्या वर्षी डिंक करीममास्तरांकडून गेला. तिनं शिकवलेला पहिला शब्द 'गोर', म्हणजे आपली माणसं, आणि दुसरा 'कोर', म्हणजे बाकीचे सगळे. "मी बी कोर का मंगळीबाई?" त्यांनी विचारलं. "तू तं लई कोर!" ती म्हणाली आणि शेजारच्या बायांसकट हसली. सहा-आठ महिन्यांनी एकदा त्यांनी तिला तिच्याच बोलीत लेकराबाळांची खुशाली विचारली. तिनं कानाला हात लावला, दोन-तीन शब्द सुधारून दिले, आणि म्हणाली, "आता तू अर्धा कोर ऱ्हायला." मास्तर घरी येईपर्यंत तेच सांगत होते. तहसीलदारानं खुर्ची दिली असती तरी एवढा आनंद झाला नसता त्यांना.

एकदा आम्ही तिच्यासमोर बसलेलो असताना बाजारात सरकारी मुनादी आली. पुढं डफ वाजवणारा, मागं ओरडून हुकूम सांगणारा. गुरांच्या कुठल्याशा रोगाबद्दल होती. डफाचा पहिला ठोका पडला आणि मंगळीनं डिंकाचं फडकं चारी टोकांनी उचललं, गाठ मारली नि चालती झाली. तांड्याच्या इतर बायाही बघता बघता दिसेनाशा झाल्या. पुढच्या बाजारी मास्तरांनी विचारलं, काहून गेलीस? तिनं आधी डिंकाचं फडकं पसरलं. मग म्हणाली, "डफ वाजला की आमचा तांडा रानात जातो, मास्तर. गुरं घेऊन खाली वढ्यात उतरतो, आन् डफ थांबला तरी दिवसभर वर येत न्हाई. लई सालं झाली, असाच डफ वाजला, आमी तमाशा पाह्याला गोळा झालो. तं आमचे बैल धरून नेले साहेबाच्या सामानाला, आन् मानसं बी नेली. बैल आले न्हाईत." मास्तरांनी विचारलं, "मग खबर द्याची असली तं कशी द्याची?" तिला हा प्रश्न वेडगळ वाटला. "कशी म्हंजे? येऊन बसायचं. नायकाच्या दारी बसायचं, पानी प्यायचं, मंग बोलायचं. मानूस बसला म्हंजे तो धरून न्यायला आला न्हाई, येवढं कळतं आमाला." मास्तरांनी ते तिथंच, तिच्यासमोर, कागदावर उतरवून घेतलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. सगळ्या तक्त्यांची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे होतं, दुसऱ्या कुणाकडे असणार? एक प्रत हैदराबादला, एक आमच्या तालुक्याच्या कचेरीला. हैदराबादचं गाठोडं संध्याकाळच्या मोटारीनं जायचं होतं. मी सकाळपासून लिहीत होतो. दुपार कलली तेव्हा त्या तांड्याचा तक्ता हाती आला. मास्तरांनी कैफियतीसाठी वेगळा कागद जोडला होता, दोन्ही बाजूंनी भरलेला. या वस्तीत सरकारी खबर मुनादीनं देऊ नये. डफ ऐकून लोक ओढ्यात जाऊन राहतात. ओळखीच्या माणसानं नायकाकडे बसून सांगावी, असं त्यात होतं, आणि का, तेही सविस्तर. मी तो वाचला. मनात आलं, हे साहेबाला आवडायचं नाही. सरकारचा हुकूम ऐकून रयत पळते, असं सरकारलाच लिहून द्यायचं? मास्तरांच्या अंगाशी यायचं. मी तो कागद बाजूला सारला आणि रकान्यात सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं, 'कुछ नहीं'. तालुक्याच्या प्रतीतही तेच. मास्तर आले, त्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. "तुझं अक्षर वाचीत बसलो तं सही करू वाटत न्हाई, कागद खराब व्हतो," म्हणाले. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. सांगू, असं मनात होतं. मग राहून गेलं.

दोन वर्षांनी, लढाईच्या महागाईत, आमच्याकडे पटकी आली. सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही, उलट त्या वेळी कचेरी चक्क जागी होती. विहिरींत लाल औषध टाकलं, सुया टोचणारे लोक आले, आणि गावोगाव, तांडोतांडी मुनादीचा हुकूम सुटला: ओढ्या-नाल्याचं पाणी पिऊ नका, औषध टाकलेल्या विहिरीचंच प्या, तेही उकळून. डोंगरकड्याच्या वरच्या तांड्यावरही डफ गेला. तांड्यात चिटपाखरू नव्हतं. मुनादीवाल्यानं रिकाम्या झोपड्यांना हुकूम वाचून दाखवला आणि कचेरीत येऊन तसं सांगितलं. कचेरीनं म्हटलं, उद्या पुन्हा जा. तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. अगदी इमानदारीनं गेला बिचारा. रोज डफ वाजत राहिला, त्यामुळे माणसं वर आलीच नाहीत. तीन दिवस, गुराढोरांसकट, लेकराबाळांसकट, ती त्या ओढ्यात राहिली. आणि प्यायला दुसरं पाणी नव्हतं...

बाजाराच्या दिवशी डिंकाची जागा मोकळी दिसली. मास्तरांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं, तांड्याचं कुणीच आलेलं नव्हतं. सरपण नाही, चारोळ्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. "पंडत, डफ गेला असंल रे तिकडं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. तांड्यावर नुसती कुत्री होती. तिथून पायवाटेनं खाली उतरलो तेव्हा आधी वास आला, मग माणसं दिसली. पळसांच्या सावलीत कुणी बसलेलं, कुणी निजलेलं, आणि जी निजली होती त्यांतली सगळीच काही निजलेली नव्हती. तांड्याचा मुख्य, हरजी नायक, एका दगडाला टेकून बसला होता. त्यानं आम्हाला ओळखलं. मला वाटलं मास्तर आता ओरडतील, पाणी पिऊ नका, वर चला. ते काही न बोलता नायकासमोर मांडी घालून बसले. नायकाच्या बायकोनं तांब्या भरून आणला. ओढ्यातूनच भरला, माझ्या डोळ्यांदेखत. मास्तरांनी तांब्या घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी प्याले. तांब्या माझ्यापुढे आला तेव्हा मी हात जोडले. "बामण हाये, तेयला न्हाई चालत," असं नायकानंच परस्पर सांगून टाकलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी सोवळ्यासाठी नाही, भीतीनं नको म्हटलं होतं. पण सोवळं हाताशी होतं, ते पांघरून घेतलं.

मग मास्तर बोलले. अर्धं तांड्याच्या बोलीत, अर्धं आपल्या मराठीत. नायक ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे सांगाया डफ काहून वाजवला, मास्तर? आमाला वाटलं बैल न्यायले येऊन राह्यले. आमी बैल वाचवले." आणि त्यानं बैलांकडे बोट केलं. बैल खरोखरच सगळे तिथं होते, रवंथ करत. दुपारपर्यंत जी चालू शकत होती ती माणसं वर आली, संध्याकाळी सुयावाल्यांना मास्तर स्वतः घेऊन आले आणि नायकाशेजारी बसवून आधी पाणी पाजलं, उकळलेलं. किती माणसं गेली ते मी इथं लिहीत नाही. मंगळी गेली होती. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी. मास्तरांना त्या पाण्यानं काही झालं नाही. का झालं नाही ते डॉक्टर जाणोत. चार दिवस मी त्यांच्या दारावरून उगाच येरझाऱ्या घालत होतो, आणि ते आतून म्हणायचे, "जिता हाय रे पंडत, ये आत."

पाचव्या दिवशी ते कचेरीत गेले. मलाही ओढून नेलं. मी नको म्हणायला हवं होतं, पण कोणत्या तोंडानं? साहेबांसमोर मास्तरांचा आवाज चढला. तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांमागं मी लिहून दिलं होतं, म्हणाले, स्पष्ट लिहून दिलं होतं की इथं डफ नेऊ नका, तुमच्या कपाटात तो कागद आहे, तुम्ही वाचला नाहीत, तुम्ही त्या माणसांना ओढ्यात कोंडलंत. साहेब रागीट नव्हते. त्यांनी शांतपणे गठ्ठा मागवला. कारकुनानं धूळ झटकली, तांड्याचा तक्ता काढला, साहेबांनी तो उजेडाकडे धरून शेवटचा रकाना मोठ्यानं वाचला, "कैफियत... कुछ नहीं." मग कागद मास्तरांपुढे सरकवला. मास्तर वाकून पाहू लागले. दोनच शब्द होते, पण ते फार वेळ पाहत राहिले. अक्षर माझं आहे हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळत होतं. मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मास्तर सरळ झाले आणि म्हणाले, "माफी, सरकार. मेरेसेच रह गया होंगा."

कचेरीवर खोटा आळ घेतला म्हणून त्यांची बदली औंढ्याला झाली. कचेरीतून घरी येताना त्यांनी वाटेत एक केरसुणी घेतली आणि भाव कसा वाढला आहे यावर बोलत राहिले. मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. औंढ्याहून हिंगोलीला आले की माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत, पंडत म्हणायचे, टोमणेही पहिल्यासारखेच मारायचे. बाजारांच्या टिपणांचा नाद सुटला नव्हता. बोलण्यातून कळायचं की अजून लिहितात. पण लिहून काढायला म्हणून एक चिठोरंही त्यांनी पुन्हा माझ्या हाती दिलं नाही. माझ्याकडून कुणी काही काढून घेतलं असं कुणाला दिसलं नसतं. मला मात्र त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघवायचं नाही. पुढं माझी बदली बाळापूरला झाली तेव्हा खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षी इकडे रझाकारांची दहशत होती. आमच्या गल्लीतली माणसं दारं लावून बसायची. एके सकाळी पाहतो तर करीममास्तर माझ्या ओट्यावर. औंढ्याहून आले होते. "काहून आले?" मी विचारलं. "काही न्हाई रे, बसायला आलो." दोन दिवस ते त्या ओट्यावर बसून राहिले, पान खात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत, मोठ्यानं माझ्याशी गप्पा मारत. त्या दोन दिवसांत आमच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. मग या सप्टेंबरात वारं फिरलं. आता दारं त्यांच्या गल्लीत लागली. औंढ्याहून हिंगोलीच्या घरी परत येऊन ते तापानं पडले आहेत हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्या ओट्यावर जाऊन कुणी बसायला हवं होतं, आणि ते कुणी म्हणजे कोण, हेही मला कळत होतं. मोटार बंद होती. मोटार बंद होती हे खरं आहे. चालत दीड दिवसाची वाट आहे, हेही खरं आहे...

बातमी कळल्यावर मी गेलो. त्यांच्या खोलीत खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि चाळण्या अजून खुंटीला होत्या. भाभींनी पडद्याआडूनच बोलायला सुरुवात केली, मग पडदा सारून समोर बसल्या. आता या वयात कसला पडदा, म्हणाल्या. त्यांनी एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. सगळ्या बाजारांची टिपणं, मंगळीचे शब्द, त्यानंतरच्या वर्षांचं बरंच काही, सगळं त्या मुंगळ्याच्या अक्षरात. "इसकू साफ लिख देव भाईसाब," त्या म्हणाल्या, "तुमच्याबिगर कुनाला वाचता येत न्हाई." मी गाठोड्याला हात लावेना. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "वो कागज का मालूम था उनकू. तुम नै लिखे वो. मैं बोली, पूछो तो सही. तो बोले, कायकू पूछना? पंडतने मेरी नौकरी बचाने के वास्ते छोड दिया होंगा. पूछा तो बिचारा शरमाएगा." आणि त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की त्यांनाही ते तसंच असायला हवं होतं. मी मान हलवली. हो, असंच होतं, अशी मान हलवली.

तसं नव्हतं. मास्तरांच्या अंगाशी येईल हे माझ्या मनात आलं होतं, पण ते नंतर आलं. आधी मी तो कागद उलटून पाहिला होता, दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, मोटारीला तासभर उरला होता, आणि सकाळपासून लिहून माझा हात दुखत होता. बाकीची कारणं मी लेखणी खाली ठेवता ठेवता जमवली. हात दुखत होता, एवढंच. त्यांनी माझ्यासाठी एक चांगलं कारण शोधून ठेवलं आणि तेच घेऊन ते गेले.

गाठोडं घरी आणून तीन आठवडे झाले. मी रोज लिहितो आहे, खाडाखोडीसकट, एकही शब्द गाळत नाही. हा लेख लिहायला घेतला तो असा विचार करून की तो छापून येईल, भाभींना मराठी वाचता येत नाही, पण हिंगोलीत कुणीतरी त्यांना तो वाचून दाखवील, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. इथवर लिहिल्यावर कळलं की हीसुद्धा मुनादीच झाली. लांबून डफ वाजवायचा आणि हुकूम तामील झाला म्हणायचं. तेव्हा हा मजकूर आज टपालात टाकत नाही. उद्या सकाळी हिंगोलीला निघतो, मोटार नसली तर पायी. भाभींच्या दारी बसेन. त्या पाणी देतील, ते पिईन, आणि मग बोलेन.